एका गिरणगावातून दुसऱ्या गिरणगावात

अहमदाबादच्या कॅलिको म्युझियमला, म्हणजे जुन्या कापडाच्या संग्रहालयाला जायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं. मनात आलं, रिक्षा केली आणि पोचलो, असं तिथं चालत नाही. मोजकीच माणसं आत सोडतात, बुधवारी बंद, फोटो काढायचे नाहीत, पर्स-पिशवी बाहेर ठेवायची, लहान मूल बरोबर नको. मणिनगरच्या दक्षिणी सोसायटीत राहणारी माझी आत्तेबहीण हे सगळं ऐकून म्हणाली, "लुगडी बघायला एवढे सोपस्कार? त्यापेक्षा ढालगरवाडात चल. हात लावून बघ, पसंत पडलं तर घेऊन टाक." ताईचं उभं आयुष्य अहमदाबादेत गेलंय, ती असंच बोलणार. पण मी लालबागच्या चाळीत वाढलेली, बाबांच्या साचाखात्यातल्या, म्हणजे गिरणीच्या मागांवरच्या पगारावर शिकलेली. कापड म्हटलं की पाय तिकडे वळतातच. शिवाय 'भारताचे मँचेस्टर : अहमदाबाद' हे भूगोलाच्या पुस्तकातून पाठ करून पास झालेली आमची पिढी. ते मँचेस्टर आता दिसतं तरी कसं, हे बघायचं होतं.

म्युझियम आहे शाहीबागेत, कॅलिको मिलचे मालक साराभाई यांच्या 'रिट्रीट' या जुन्या बंगल्याच्या आवारात. शाहीबाग हा जुन्या कोटाच्या उत्तरेचा, नदीकाठचा शेठ लोकांचा भाग. गिरण्या होत्या पूर्वेला, रेल्वेच्या पलीकडे : सरसपूर, गोमतीपूर, रखियाल, असारवा. धूर एका बाजूला, झाडी दुसऱ्या बाजूला. हे गणित मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे मलबार हिल होतीच.

आत शिरलं की पहिली जाणीव होते ती अंधाराची. दिवे मुद्दाम मिणमिणते ठेवलेत, कारण उजेडानं जुने रंग मरतात. १९४९ मध्ये गौतम आणि गिरा साराभाई या भावाबहिणीनं हे संग्रहालय काढलं, तेव्हा ते कॅलिको मिलच्याच आवारात होतं. पुढे ऐंशीच्या दशकात ते इथं आलं. पाडल्या गेलेल्या जुन्या हवेल्यांचे कोरीव लाकडी दर्शनी भाग आणून त्यांतून इमारत उभी केली आहे. खिडक्या, तोड्या, कमानी सगळं खरंखुरं, फक्त आपल्या मूळ पोळातून, जुन्या शहरातल्या गल्लीवस्तीतून उठून इथं आलेलं. वस्तू तर अशा, की बघणाऱ्यानं बोलणं थांबवावं. मुघलांचे तंबू, नाथद्वाऱ्याच्या पिछवाया, काश्मिरी शाली, दक्षिणेची कलमकारी.

मी अडकले पाटणच्या पटोळ्यापाशी. पटोळं विणण्याआधीच ताण्याचा आणि बाण्याचा, दोन्हीकडचा प्रत्येक धागा जागोजाग बांधून रंगवलेला असतो. मग माग चढवताना लाल ठिपक्यावर लाल ठिपका बसला पाहिजे. एका केसाएवढा सरकला तर हत्तीची सोंड तुटते. विणकर मध्येच थांबून सुईनं धागे सारखे करतो, म्हणून एका साडीला महिनेच्या महिने जातात. काचेला नाक लावून बघितलं तर रंगाच्या कडा किंचित फुटलेल्या दिसतात, शाई टिपकागदावर पसरावी तशा. ती चूक समजायची नाही, तीच खरेपणाची खूण. हे काम करणारे साळवी मुळात आपल्या जालन्याचे, बाराव्या शतकात राजा कुमारपालानं त्यांची सातशे कुटुंबं पाटणला नेऊन वसवली, अशी परंपरा सांगतात. "म्हणजे चांगले विणकर आपले, आणि पटोळं मात्र गुजरातचं," ताई हळूच कुजबुजली. आमच्याबरोबरच्या बाईंनी वळून बघितलं.

पुढच्या दालनात जाता जाता एक गोष्ट खटकायला लागली आणि मग खटकतच राहिली. इथं हातमाग आहे, ठशांचं काम आहे, बादशहाचा तंबू आहे. ज्या गिरणीच्या पैशानं हे सगळं जमलं, ती गिरणी मात्र दिसत नाही. भोंगा नाही, साचा नाही, पाळीचं कार्ड नाही. कॅलिको मिल नव्वदच्या दशकाअखेर अवसायनात निघाली. तिचं नाव ज्या म्युझियमनं जिवंत ठेवलंय, त्यात कापूस आहे, रेशीम आहे, लोकर आहे, जर आहे. मिलचं कापड तेवढं नाही.

यात साराभाईंना बोल लावायचा माझा विचार नाही. उलट त्या घरानं पैशाचं जे केलं, ते बघून आपल्याकडच्या मिलमालकांची आठवण काढावीशी वाटत नाही. अंबालाल साराभाईंच्या मुलांपैकी विक्रम अवकाशसंशोधनाकडे गेले, त्यांची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी १९४७ मध्ये याच रिट्रीटच्या आवारात सुरू झाली. गौतम आणि गिरा यांनी एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी करायला हात लावला, मृदुला स्वातंत्र्यलढ्यात. कापडाच्या नफ्याचं भौतिकशास्त्र झालं, डिझाइन झालं, म्युझियम झालं. लोअर परळला मिलच्या जागेचं काय झालं, ते तुम्ही शनिवारी संध्याकाळी फिनिक्सच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना बघताच.

अहमदाबादच्या गिरणीधंद्याची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. रणछोडलाल छोटालाल हे नागर ब्राह्मण, आधी सरकारी नोकरीत. मुंबईत कावसजी दावरांची कापडगिरणी चालू होण्याच्या आधीपासूनच यांच्या डोक्यात ते वेड होतं. यंत्रं विलायतेहून मागवली, तर पहिली खेप समुद्रातच गेली. पुन्हा मागवली. मुंबईहून रेल्वे यायला अजून अवकाश होता, तेव्हा ती खंबायतच्या बंदरात उतरवून बैलगाड्यांनी शहरात आणली. १८६१ मध्ये भोंगा वाजला. आजूबाजूचे सराफ आणि महाजन आधी हसले, मग त्यांनीही भागभांडवल काढलं. मुंबईच्या धंद्यात कापूस-अफूचा व्यापार होता, पारशी होते, इंग्रज होते. इथं मात्र पेढीवर बसणाऱ्या वाण्यांनी आणि जैनांनी आपापसांत पैसा उभा केला. म्हणूनच बहुधा शहर सोडून जावं असं त्यांना वाटलं नाही. गावातच बंगले बांधले, गावातच देवळं आणि कॉलेजं काढली. हेच रणछोडलाल पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि लोकांच्या शिव्या खात त्यांनी नळाचं पाणी आणि भुयारी गटारं आणली.

शाहीबागेतच गिरणीमालक कस्तुरभाई लालभाईंच्या घराण्याचं जुनं घर आता संग्रहालय म्हणून उघडलंय, २०१७ पासून. तिथल्या एका इमारतीचे वास्तुविशारद क्लॉड बॅटली, म्हणजे आपल्या जेजे स्कूलचे बॅटली. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकुरांनी जमवलेली चित्रं कस्तुरभाईंनी विकत घेतली होती, त्यांतली इथं लागली आहेत. खोल्या उजळ, माणसं थोडी, बसायला जागा. कॅलिकोचा थकवा इथं उतरतो.

मोतीशाही महालही जवळच. शाहजहान राजपुत्र असतानाचा तो वाडा आता सरदार पटेलांचं स्मारक आहे. पटेलांच्या वस्तू बघायला मी गेले खरी, पण डोक्यात घोळत होता सतरा वर्षांचा रवींद्रनाथ. १८७८ मध्ये थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथं न्यायाधीश होते, तेव्हा तो याच रिकाम्या महालात एकटा फिरत होता. सत्येंद्रनाथ म्हणजे तुकोबांचे अभंग बंगालीत नेणारे. इथून त्यांनी धाकट्या भावाला इंग्रजी सुधारायला पाठवलं ते मुंबईला, प्रार्थना समाजाच्या डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी.

दुपारी जेवायला सिदी सैयद मशिदीच्या जाळीसमोरच्या मंगलदासांच्या हवेलीत. मंगलदास गिरधरदास मिलमधल्या साध्या नोकरीपासून मिलमालक झालेले. १९२४ ची ही हवेली, आता हॉटेल. गच्चीवर थाळी मिळते. थाळी उत्तम, पण डाळीत गूळ आमच्या जिभेला जरा जास्तच. "चाळीस वर्षं झाली, मला अजून सवय नाही," ताई म्हणाली आणि तिसरी वाटी घेतली.

सगळ्यात जास्त वेळ मी जिथं काढला, ती जागा म्युझियम म्हणून कुणी दाखवत नाही. आश्रम रोडवरची मिलमालक संघाची इमारत. ल कार्बुझिए १९५१ मध्ये चंडीगडसाठी आला, तेव्हा अहमदाबादच्या शेठांनी त्याला गाठलं. सुरोत्तम हठीसिंग तेव्हा संघाचे अध्यक्ष. त्यांनी हे काम दिलं आणि १९५४ मध्ये इमारत उभी राहिली. शहरात त्याच्या चार वास्तू आहेत : दोन खासगी बंगले, संस्कार केंद्र आणि ही. बंगले लोकांची राहती घरं, तिथं डोकावायची आपली पद्धत नाही. इथं मात्र परवानगी मागून आत जाता येतं.

रस्त्यावरून एक लांब उतार सरळ पहिल्या मजल्यावर नेतो. पश्चिमेच्या अंगाला काँक्रीटच्या उभ्या जाड फळ्या तिरक्या लावल्यात. अहमदाबादचं दुपारचं ऊन त्यांच्यावर आपटून बाहेरच राहतं आणि फटींतून वारा येतो. मी मे महिन्यात गेले होते. ताईनं मला वेड्यात काढलं होतं, पण ही इमारत समजून घ्यायची तर मेच हवा. चार पावलं आत टाकली आणि पाठीवरचा घाम गार झाला. पंखासुद्धा नव्हता. काँक्रीटवर लाकडी साच्याच्या फळ्यांची नक्षी तशीच उमटलेली, गाठीसकट. हात फिरवला तर खरखरीत लागते. वर सभागृह आहे, त्याच्या भिंती वळणं घेत जातात आणि आत लाकूड लावलंय. मालक लोक बसून मजुरीचे दर ठरवायचे ती जागा हीच. एवढ्या सुंदर खोलीत तसले ठराव झाले असतील, याचं मला आधी नवल वाटलं, मग वाटेनासं झालं.

पूर्वेची बाजू नदीकडे उघडी आहे. ती मुद्दाम तशी ठेवली. साबरमतीच्या कोरड्या पात्रात रंगारी कापड धुऊन वाळूवर पसरायचे, शेजारी बगळे, गाई, म्हशी, गाढवं. ते दृश्य मालकांना खिडकीतून दिसावं, अशी कार्बुझिएची कल्पना. ज्या कापडावर हे उभं आहे, ते कापड समोर वाळताना दिसत राहावं. आता तिथं रिव्हरफ्रंट आहे. सिमेंटचा बांधीव काठ, नर्मदेच्या कालव्याचं पाणी, सकाळी चालायला येणारी माणसं. पाणी बारा महिने दिसतं, हे शहराला आवडतं आणि मला त्यात काही खोट काढायची नाही. पण धुणारे, वाळवणारे आणि काठावरच्या झोपड्या तिथून गेल्या. खिडकी तशीच आहे. समोरचं बदललं.

याच नदीच्या काठी, शाहपूर दरवाज्याबाहेर, एका बाभळीखाली १९१८ साली रोज संध्याकाळी हजारो गिरणी कामगार जमायचे. आदल्या वर्षी प्लेग आला होता. कामगार गावाला पळू नयेत म्हणून मालकांनी घसघशीत प्लेग बोनस दिला होता आणि प्लेग ओसरताच तो बंद केला. महागाई तर चढलेली. मालक २० टक्के वाढ द्यायला तयार, गांधीजींनी हिशेब करून ३५ ठरवले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूनं उभ्या त्यांच्या सख्ख्या बहीण अनसूयाबेन. गंमत अशी, की गांधीजींनी कोचरबच्या पहिल्या आश्रमात दलित कुटुंब घेतलं म्हणून देणग्या आटल्या, तेव्हा गुपचूप १३,००० रुपये देऊन गेले ते हेच अंबालाल.

तीन आठवडे झाले, घरात दाणे संपले. जुगलदासच्या चाळीत कुणीतरी बोललं : गांधीजींना आणि अनसूयाबेनना काय, मोटारीतून येतात-जातात, पोटभर जेवतात, उपाशी मरतो आम्ही. हे गांधीजींच्या कानावर गेलं आणि १५ मार्चला त्यांनी उपास सुरू केला. तीन दिवसांत तडजोड झाली, लवाद बसला आणि आनंदशंकर ध्रुवांनी शेवटी ३५ टक्केच दिले. पुस्तकांत उपासाचं महत्त्व सांगतात. मला त्या चाळीतल्या अनाम माणसाचं कौतुक वाटतं. आमच्या चाळीत ८२ च्या संपात असं बोलणारे पुष्कळ होते. दत्ता सामंतांच्या मोटारीबद्दलही बोलत. फरक एवढाच, की तो संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि अधिकृतपणे कधी संपलाच नाही.

अनसूयाबेनच्या प्रेरणेनं १९२० मध्ये मजूर महाजन संघ ही गिरणी कामगारांची युनियन झाली. तिचं गांधी मजूर सेवालय भद्रला आहे. त्याच भागात जुना व्हिक्टोरिया गार्डन आहे, तिथं जावंच असं मराठी माणसाला सांगेन. तिथं लोकमान्य खुर्चीत बसलेत. वल्लभभाई पटेल नगरपालिकेचे अध्यक्ष असताना, इंग्रज नको म्हणत असताना, राणीच्या नावाच्या बागेत त्यांनी टिळकांचा पुतळा उभारला आणि १९२९ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी त्याचं अनावरण केलं. पुण्यात टिळकांचे पुतळे बघून आपली नजर मेलेली असते. इथं ते भेटतात तेव्हा जरा थबकायला होतं.

मराठ्यांची दुसरी खूण इतकी गोड नाही. १७५८ पासून १८१७-१८ पर्यंत शहर पेशवे आणि गायकवाडांनी वाटून खाल्लं. वाटून खाल्लं हेच म्हणायला हवं, कारण वसुलीवर दोघांचं लक्ष, शहराकडे कुणाचंच नाही. गायकवाड हवेली अजून उभी आहे आणि तिथं पोलिसांची क्राइम ब्रँच बसते. "तुला आतून बघायची असेल तर आधी गुन्हा करावा लागेल," ताई म्हणाली. हवेलीपेक्षा मला भद्रमधल्या मावळणकरांचा अभिमान वाटतो. ते इथले वकील, इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती.

मग एक सकाळ गोमतीपूरला. ताईच्या सुनेनं रिक्षावाल्याला दोनदा पत्ता समजावून सांगितला, कारण तिकडे बघायला कुणी जात नाही. गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या अजून दिसतात, काही नुसत्याच, पायाशी मिल नसलेल्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इथल्या गिरण्या एकामागून एक मिटल्या, लाखाहून जास्त माणसं घरी बसली. चाळी तशाच आहेत. बैठी घरं, एका ओळीत, दारासमोर खाट. लालबागच्या मजल्यांच्या चाळीची सवय असलेल्या मला त्या जमिनीला टेकलेल्या वाटल्या.

एका किराणा दुकानासमोर दोन म्हातारे बसले होते. एक थ्रॉसल खात्यातले, म्हणजे सूतकताईतले, आमच्याकडे ज्याला त्रासन म्हणायचे ते. मी बाबांचं साचाखातं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "हमको उधर नहीं लेते थे." कारण मला ठाऊक होतं, तरी ऐकताना कानशिलं तापली. मागावर बाण्याचं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या जुन्या धोट्यात नवीन कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या डोळ्याशी तोंड लावून आत ओढून घ्यायचं. पाळीत शेकडो वेळा. तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. म्हणून दलितांना साच्यावर घ्यायचं नाही, त्यांनी कताईत राहायचं, जिथं पगार कमी. मुंबईतही अगदी हेच होतं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनपुढे लावून धरला होता. बाबा तोंडानं सूत ओढताना कापसाचे तंतू गिळायचे आणि रात्री खोकायचे, एवढंच आम्हाला लहानपणी दिसलं. त्या खोकल्यालाही जात असते, हे कुठल्या काचेच्या कपाटात लिहून ठेवलेलं नाही. लिहायला हवं. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय होणार, हे आपण कितीतरी वर्षं ऐकतोय. त्यात एक धोटा ठेवाल तर शेजारी हे दोन ओळींत लिहा, एवढंच माझं मागणं.

राहिलेलं झटपट. विशाला या हॉटेलातलं भांड्यांचं संग्रहालय छान आहे, अडकित्त्यांपाशी बराच वेळ जातो. कठवाड्याच्या जुन्या मोटारी ज्यांना मोटारी आवडतात त्यांनी बघाव्यात. मला अर्ध्या तासानं सगळ्या सारख्या दिसायला लागल्या. साबरमती आश्रमात चार्ल्स कोरियांचं १९६३ चं संग्रहालय आहे, साधं, कौलारू, उघडं. विनोबांची कुटीही तिथंच.

निघायच्या दिवशी रविवार होता. एलिस ब्रिजजवळ नदीकाठी गुजरी बाजार भरतो. जुनी पुस्तकं, पाने-पक्कड, शिलाई मशिनचे सांगाडे, छपाईचे लाकडी ठसे. एका चादरीवर बॉबिनांच्या ढिगात चार-पाच धोटे होते. मी एक उचलला. टोकांना लोखंडी टोप्या, लाकूड हातानं घासून गुळगुळीत, डोळा चिनीमातीचा.

"कॅन्डल स्टँड बनता है, मॅडम. अढाईसौ."

"कौनसी मिल का है? कॅलिको? गोमतीपूर का?"

"इधर का अब कहाँ मिलता है. बंबई का माल है. परेल में कोई मिल टूटी थी, उधर से बोरे भर के आया था."

ताईनं तो माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून बघितला आणि त्याला म्हणाली, "ए तो अमारो ज माल थयो ने, तो पैसा शेना?"

तो हसला, पण दीडशेच्या खाली काही उतरला नाही.